बीएस्सी बायोलॉजीवरून परदेशात आरोग्यक्षेत्राकडे: आधी परवाना बघ, मग कोर्स, मग देश

प्रश्न: मी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. नीट दोनदा दिली. पात्र झाले, पण सरकारी सीटपर्यंत मार्क पोचले नाहीत. तरी काम आरोग्यक्षेत्रातच करायचंय. एखादं सेमिस्टर बाहेर करावं, की पदवीनंतर थेट मास्टर्सला जावं? अलकापुरीतला एक एजंट म्हणतो की बीएस्सीनंतर परदेशात चार वर्षांत डॉक्टर होता येतं, पंचवीस हजार भरून जागा धरून ठेवा. बाबा मकरपुऱ्यात नोकरी करतात. घरातून बारा-पंधरा लाखांच्या वर उचलणं जमणार नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

पंचवीस हजार भरू नकोस. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण हे आज घरी सांगून टाक. मी बडोद्यातच प्राणिशास्त्र शिकवलं, आणि बाहेर जाणाऱ्या मुलामुलींचे अर्ज, शिफारसपत्रं, क्रेडिटचे कागद गेली बरीच वर्षं बघत आलेय. घाईने भरलेल्या पैशातून कुणाचं भलं झालेलं मला दिसलेलं नाही.

एजंट सपशेल खोटं बोलतोय असं नाही. पदवीनंतर चार वर्षांचा वैद्यकीय कोर्स आयर्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात, ब्रिटनमध्ये, अमेरिकेत खरोखर आहे. तो पुढची ओळ सांगत नाही, एवढंच. भारतात परत येऊन डॉक्टरकी करायची असेल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे 2021 चे नियम लागू होतात. त्या नियमांनुसार परदेशातला कोर्स किमान 54 महिन्यांचा हवा, त्यानंतर त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी, शिक्षण इंग्रजीतून हवं, आणि त्या देशातल्या नागरिकाला जसा डॉक्टरकीचा परवाना मिळतो तसा तुलाही मिळायला हवा. इकडे आल्यावर पुन्हा 12 महिन्यांची इंटर्नशिप आणि परवाना परीक्षा. आता चार वर्षं म्हणजे 48 महिने. हिशेब तूच कर. शिवाय आज या परीक्षेला एफएमजीई म्हणतात, 300 पैकी 150 गुण लागतात, आणि अलीकडच्या वर्षांत बसलेल्यांपैकी एक तृतीयांशाहूनही कमी मुलं पास होत आलीत. हे तुला घाबरवायला सांगत नाही. पंधरा लाखांची मर्यादा असलेल्या घराने हे आकडे पैसे भरण्याआधी ऐकलेले बरे.

अमेरिकेचं वेगळं. तिथली बहुतेक मेडिकल कॉलेजं अमेरिकेतच घेतलेली पदवी किंवा किमान 90 क्रेडिट मागतात, बरीचशी परदेशी विद्यार्थ्यांना घेतच नाहीत, आणि बाहेरच्या देशातली मार्कशीट त्यांची केंद्रीय अर्जव्यवस्था तपासून ग्राह्यसुद्धा धरत नाही. म्हणजे बडोद्याची बीएस्सी घेऊन सरळ तिथे एमडीला जाण्याची वाट जवळजवळ बंद आहे. तू एमकॅटची, म्हणजे तिथल्या मेडिकल प्रवेशपरीक्षेची, पुस्तकं आणली असशील तर मैत्रिणीला देऊन टाक.

म्हणून माझा आग्रह असतो की देश शेवटी ठरवायचा. आधी विचारायचं की मला कुठल्या नावाने काम करायचंय, आणि त्या कामाला परवाना लागतो का. लागत असेल तर तो कोण देतं, आणि मला जिथे राहायचंय तिथे तो चालतो का. आपल्याकडे उलटं होतं. मावसभाऊ मेलबर्नला आहे म्हणून ऑस्ट्रेलिया, समोरची मुलगी कॅनडाला गेली म्हणून कॅनडा, आणि कोर्स मग त्या देशात जो मिळेल तो. आरोग्याच्या क्षेत्रात असं करून चालत नाही. कॉम्प्युटरवाल्याला कुठूनही कुठेही जाता येतं. रुग्णाला हात लावणाऱ्या माणसाला प्रत्येक सीमेवर परवाना दाखवावा लागतो.

तुझ्यासारख्या बायोलॉजीच्या मुलीला खरोखर उघड्या असलेल्या वाटा सांगते.

पहिली, जिच्याबद्दल इथे फारसं कुणी बोलत नाही. ब्रिटनमध्ये फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, आहारशास्त्र अशा विषयांचे दोन वर्षांच्या आसपासचे मास्टर्स असतात, त्यांना प्री-रजिस्ट्रेशन म्हणतात. त्या विषयातली पदवी नसलेल्या, पण जीवशास्त्रासारखी पदवी असलेल्या मुलांसाठीच ते असतात. कोर्स तिथल्या एचसीपीसी या नोंदणी करणाऱ्या संस्थेने मान्य केलेला असला की पास झाल्यावर नोंदणी करून काम करता येतं. नावात ‘फिजिओथेरपी’ आहे पण ‘प्री-रजिस्ट्रेशन’ नाही, असे कोर्सही भरपूर आहेत. ते आधीच फिजिओ असलेल्यांसाठी असतात, आणि त्यातून तुला परवाना मिळणार नाही. हा एक शब्द न बघता अर्ज केलेली मुलं मी पाहिलीत. भारतात परत यायचं असेल तर 2021 च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याखालच्या आयोगाकडे त्या पदवीची मान्यता आधी विचारायची, तीही लेखी.

दुसरी, जेनेटिक काउन्सेलिंग. प्राणिशास्त्रात आनुवंशिकता मनापासून शिकलेल्या मुलीला हे फार साजतं. एखाद्या जोडप्याला रिपोर्ट समजावून सांगणं, पुढच्या बाळाबद्दलची जोखीम सांगणं, आणि निर्णय मात्र त्यांचा त्यांना घेऊ देणं. दोन वर्षांच्या आसपासचं मास्टर्स असतं, जागा थोड्या असतात, आणि प्रवेशाच्या वेळी मार्कांइतकंच हे विचारतात की तू अडचणीतल्या माणसांशी कधी बोलली आहेस का. भारतातही जेनेटिक काउन्सेलर्सचं बोर्ड आहे, आणि शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत हे काम वाढतंय.

तिसरी, सार्वजनिक आरोग्य, म्हणजे एमपीएच. ब्रिटनमध्ये बहुधा एक वर्षाचं, अमेरिकेत दोन वर्षांचं. याला परवाना लागत नाही. त्यामुळे देश बदलला तरी पदवी वाया जात नाही, पण परवाना नाही म्हणून नोकरीची हमीही नाही. एपिडेमिओलॉजी, म्हणजे रोग लोकांत कसे पसरतात याचा अभ्यास, आणि संख्याशास्त्र यांत हात पक्का असेल तर काम मिळतं. नुसती ‘समाजसेवेची आवड’ असेल तर अवघड जातं. गांधीनगरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ हे शिकवते, आपल्यापासून ट्रेनने काही तासांवर. बाहेरचे अर्ज भरण्याआधी तिचा अभ्यासक्रम वाचून बघ. आपल्याला नेमकं बाहेरच का जायचंय, याचं उत्तर त्याने धारदार होतं.

फिजिशियन असोसिएटबद्दल, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण बघणाऱ्या पदाबद्दल, मुलं फार विचारतात. ब्रिटनमध्ये या पदाचं नावच बदलून फिजिशियन असिस्टंट करावं आणि कामाच्या मर्यादा आखाव्यात, असं 2025 च्या लेंग अहवालाने सुचवलं. तिथे सध्या हे पद वादात आहे. अमेरिकेत अनेक कॉलेजं प्रवेशाआधी रुग्णसेवेचे हजारभर तास मागतात. दोन्हीकडे तुझ्या परिस्थितीत पैसे लावावेत असं मला वाटत नाही.

आता सेमिस्टरचा प्रश्न. बाहेर एक सेमिस्टर करणं चांगलं की वाईट, हे तू तिथे काय शिकणार यावर आहे. इथल्या मुली बाहेर जातात आणि सेल बायॉलॉजी, इकॉलॉजी, मॉलिक्युलर असे तेच विषय पुन्हा घेतात, जे इथे दहा हजारात झाले असते. तू तसं करू नकोस. आपल्या बीएस्सीत दोन मोठी भोकं आहेत. एक म्हणजे मानवी शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र, प्रात्यक्षिकासह. यूजीसीने 2014 मध्ये प्राणिशास्त्रातली विच्छेदनं बंद केली. त्या निर्णयामागची भूतदया मला पटते, पण परिणाम असा झाला की आपली मुलं तक्ते, मॉडेलं आणि स्क्रीनवर शिकतात, आणि मार्कशीटवर ‘अ‍ॅनाटॉमी अँड फिजिओलॉजी विथ लॅब’ असं काही उमटत नाही. बाहेरची आरोग्याची कॉलेजं, विशेषतः अमेरिकेतली, पूर्वअट म्हणून नेमकं तेच शोधतात. दुसरं भोक म्हणजे बायोस्टॅटिस्टिक्स. तेही आकडेमोड प्रत्यक्ष सॉफ्टवेअरवर करून घेणारं, सूत्रं घोकवणारं नाही. बाहेर सेमिस्टर घ्यायचंच असेल तर हे दोन विषय घे, आणि जमलं तर एपिडेमिओलॉजीची ओळख करून देणारा तिसरा. एवढं मार्कशीटवर आलं तर सेमिस्टरचा खर्च सार्थकी लागला असं मी म्हणेन.

पैशाच्या दृष्टीने एक भेद डोक्यात ठेव. दोन विद्यापीठांमध्ये करार असेल आणि तू एक्स्चेंजवर गेलीस, तर फी आपल्याच विद्यापीठाला भरतेस, तिकडची माफ असते. खर्च राहतो तो विमान, राहणं, खाणं, विमा यांचा. करार नसताना ‘व्हिजिटिंग स्टुडंट’ म्हणून गेलीस तर तिकडची पूर्ण परदेशी फी भरावी लागते. पत्रकावर दोन्हींचे फोटो सारखेच हसरे असतात. तेव्हा आपल्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात जाऊन सरळ विचार: विज्ञान शाखेसाठी आज चालू असलेले करार कुठले, आणि मागच्या वर्षी त्यावर खरोखर कोण गेलं? करार कागदावर असतो आणि त्यावर वर्षानुवर्षं कुणी गेलेलं नसतं, असंही होतं. गेलेली मुलगी असेल तर तिचा नंबर माग, तिच्याशी तासभर बोल. त्या तासात जे कळेल ते कुठल्याच पत्रकात नसतं.

क्रेडिटचं आधी लिहून घ्यायचं. युरोपात एका सेमिस्टरला 30 ईसीटीएस, म्हणजे तिकडची क्रेडिटं, आपल्याकडे वीस-बावीस क्रेडिट. अमेरिकेत साधारण 15. हे आकडे एकमेकांवर सरळ बसत नाहीत, कारण युरोपात घरी बसून केलेला अभ्यासही तासांत धरतात आणि आपण फक्त वर्गातले आणि प्रयोगशाळेतले तास मोजतो. म्हणून जाण्याआधी एक कागद तयार कर. डाव्या बाजूला इथला पेपर, त्याचा कोड आणि क्रेडिट. उजव्या बाजूला तिकडचा पेपर, क्रेडिट, अभ्यासक्रमाचा दुवा. आणि खाली विभागप्रमुखांची, डीन ऑफिसची सही आणि शिक्का. परीक्षा विभागालाही त्याची प्रत दे आणि पोच घे. ‘आल्यावर बघू’ असं कुणी गोड बोलून सांगितलं तर थांब. आल्यावर माणूस बदललेला असतो, परीक्षा अर्जाची तारीख गेलेली असते, आणि तुझं एक वर्ष लटकतं.

केव्हा जावं? पाचवं सेमिस्टर, नाहीतर चौथ्या वर्षातलं पहिलं. नव्या धोरणात तीन वर्षांची पदवी 120 क्रेडिटची आणि चार वर्षांची ऑनर्स 160 ची. तू चौथं वर्ष करावंस असं माझं स्पष्ट मत आहे, संशोधनासह. ब्रिटनमध्ये तीन वर्षांची पदवी मास्टर्सला बहुधा चालते. अमेरिकेत सोळा वर्षांचं शिक्षण मागणारी विद्यापीठं आजही बरीच आहेत. प्रथम वर्ग आणि नॅकची ‘अ’ श्रेणी असेल तर वेस ही मूल्यमापन संस्था तीन वर्षांची पदवी तिकडच्या पदवीच्या बरोबरीची धरते, पण अंतिम निर्णय ज्या त्या विद्यापीठाचा. चौथ्या वर्षाने हा वादच मिटतो, आणि हातात एक प्रबंधिका येते जिच्यावर शिफारसपत्र लिहिता येतं. मायनर अजून बदलता येत असेल तर रसायनशास्त्र घे. ऑर्गॅनिक आणि बायोकेमिस्ट्री कुठल्याही आरोग्य कोर्सला लागतेच.

दरम्यान सुट्ट्या वाया घालवू नकोस. तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात. देशातल्या चांगल्या प्रयोगशाळेत राहून काम करता येतं आणि विद्यावेतनही मिळतं. अर्ज आदल्या वर्षाच्या शेवटी निघतात. परदेशी अर्जात याला वजन आहे.

आणि रुग्ण बघ. परदेशात ‘हॉस्पिटल ऑब्झर्व्हरशिप’ म्हणून दोन आठवड्यांचे लाख-दोन लाख घेणारे लोक आहेत. पैसे देऊन दुरून ऑपरेशन बघितल्याचं प्रमाणपत्र कुठल्याही निवड समितीला भुरळ घालत नाही. काही ठिकाणी तर पदवीसुद्धा नसलेल्या मुलांना इंजेक्शन देऊ देतात आणि ‘हँड्स-ऑन अनुभव’ म्हणून त्याची जाहिरात करतात. असलं काही केलंस तर अर्जात ते तुझ्या विरोधात जाईल, आणि जायलाच हवं. त्या रुग्णाने तुला स्वतःवर शिकण्याची परवानगी दिलेली नसते.

त्यापेक्षा इथेच बघ काय आहे. सयाजी हॉस्पिटलच्या ओपीडीत सकाळी आठला जाऊन रांगेकडे पाहा, विभागाची रीतसर परवानगी घेऊन एखाद्या डॉक्टरांच्या मागे उभी राहा. भरूच जिल्ह्यात झगडियाला ‘सेवा रूरल’ 1980 पासून आदिवासी भागात काम करतेय, तिथे शिकायला तयार असलेल्या मुलांना करण्यासारखं खूप आहे. दक्षिण आणि पूर्व गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आहे. तुझ्या पुस्तकातला तो एका अक्षराचा म्युटेशन तिथे माणसांच्या सांध्यांत दुखत असतो.

माझ्या एका विद्यार्थिनीने अशाच एका तपासणी शिबिरात मदत केली होती. तिने तिच्या अर्जात लिहिलं ते मला अजून आठवतं. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये परीक्षानळीत द्रावण असतं, त्यात बोटाचं रक्त टाकतात, आणि नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढच्या तपासणीला पाठवायचं, कारण ही चाचणी वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सांगत नाही, ते एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासणीत कळतं. तिने लिहिलं होतं की एका मुलाची आई नळीकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तेव्हा मला कळलं की मला चाचणी करायला येते, पण ती सांगायला येत नाही. पुढे तिने जेनेटिक काउन्सेलिंगच का निवडलं, हे वेगळं सांगायची तिला गरजच पडली नाही. तुझं स्टेटमेंट ऑफ पर्पज असं हवं. ‘लहानपणापासून मला लोकांची सेवा’ ही ओळ खोडून टाक.

आता एक गोष्ट जी सगळे शेवटच्या महिन्यासाठी ठेवतात, आणि जी शेवटच्या महिन्यात होऊच शकत नाही: लसी. आरोग्याचा कुठलाही कोर्स, ज्यात रुग्णांजवळ जायचं आहे, लसीकरणाचा पुरावा मागतो. हेपटायटिस बी च्या तीन डोसचं वेळापत्रक आहे 0, 1 आणि 6 महिने. म्हणजे सहा महिने तिथेच गेले. त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून अँटीबॉडी 10 मिलि-युनिटच्या वर आहे हे दाखवायचं. लहानपणी डोस झाले असतील तरी आकडा खाली आलेला असू शकतो, मग एक बूस्टर आणि पुन्हा तपासणी.

गोवराचं जास्त गुंतागुंतीचं आहे. तुझ्या वयाच्या मुलांना शाळेत दंडावर जी लस दिली, 2017 नंतर देशभर टप्प्याटप्प्याने झालेल्या मोहिमेत, ती गोवर-रुबेलाची होती. त्यात गालगुंडाची लस नव्हती. बाहेर एमएमआर मागतात, तिन्हींची, आणि दोन डोस किमान 28 दिवसांच्या अंतराने. तुझी लहानपणची पिवळी पडलेली फाइल आईला शोधायला सांग. खाजगी डॉक्टरकडे एमएमआर दिली असेल तर त्या पानावर तारीख आणि शिक्का असेल. नसेल तर पुन्हा घ्यायला हरकत नसते. कांजिण्या झाल्या होत्या का, हेही आईलाच ठाऊक. नुसतं ‘झाल्या होत्या’ बहुतेक ठिकाणी चालत नाही, अँटीबॉडीचा रिपोर्ट लागतो.

आणि टीबी. आपल्या सगळ्यांना जन्मल्यावर बीसीजी दिलेली असते. त्यामुळे हातावरची मॅन्टू चाचणी फुगून पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मुली घाबरून जातात, तिकडे एक्स-रे, औषधं, चौकशा सुरू होतात. त्याऐवजी रक्तातली इग्रा चाचणी मागायची, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. एमएमआर आणि इग्रा एकाच दिवशी कर, नाहीतर लसीनंतर चार आठवडे थांब. सहा महिन्यांहून जास्त काळ ब्रिटनला जायचं असेल तर व्हिसासाठी टीबीचं प्रमाणपत्र वेगळं लागतं, तेही फक्त त्यांच्या यादीतल्या दवाखान्याचं. ओळखीच्या डॉक्टरांचं चालत नाही.

पैशाकडे येते. पंधरा लाखांत ब्रिटन-अमेरिका कर्जाशिवाय होत नाही, हे बाबांना आत्ताच सांगितलेलं चांगलं. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणाची फी नाही. बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्यात बाहेरच्यांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी ठेवावे लागतात. 2024 च्या सप्टेंबरपासून तो आकडा 11,904 युरो आहे. आणि 2022 च्या नोव्हेंबरपासून भारतीय मुलांना पदवीसाठी जाताना एपीएस, म्हणजे कागद खरे असल्याचं, प्रमाणपत्र लागतं, त्याला वेळ जातो. तिथे सार्वजनिक आरोग्य, संसर्गशास्त्र, बायोमेडिकल असे इंग्रजीतले मास्टर्स आहेत. रुग्णांजवळ काम करायचं म्हटलं की मात्र जर्मन भाषा उत्तम लागते, त्याला पर्याय नाही.

ब्रिटनला व्हिसासाठी फी आणि राहण्याचा खर्च खात्यात सलग 28 दिवस पडून असावा लागतो. एक दिवस शिल्लक खाली गेली की अर्ज फेटाळला जातो. काकांकडून चार दिवसांसाठी आणलेले पैसे तिथे उपयोगी पडत नाहीत.

शिष्यवृत्त्यांत तुझ्यासाठी सगळ्यात मोलाची युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडस. दोन किंवा अधिक देशांत शिकायचं, फी माफ, आणि महिन्याला 1,400 युरो. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारी, पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तेव्हा ती आत्ता नाही. जे. एन. टाटा एंडोमेंट 1892 पासून कर्जरूपी शिष्यवृत्ती देते. रक्कम सगळा खर्च भागवणारी नसते, पण बँकेच्या जोडीला चालते.

इथल्या मराठी घरांत एक गैरसमज नेहमी दिसतो, म्हणून मुद्दाम लिहिते. महाराष्ट्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्यांची पत्रकं पुण्या-नाशिकचे नातेवाईक पाठवतात आणि दांडियाबाजारातली मुलं महिनाभर कागद जमवतात. त्या योजनांना महाराष्ट्राचं डोमिसाइल लागतं. आपण तीन-चार पिढ्या बडोद्यात आहोत, तेव्हा आपलं डोमिसाइल गुजरातचं. त्यामुळे गुजरातच्या योजना बघ. खुल्या प्रवर्गासाठी ‘बिनअनामत’, म्हणजे बिनआरक्षित, वर्गाचं जे राज्य सरकारचं निगम आहे ते परदेशी शिक्षणासाठी 15 लाखांपर्यंत 4 टक्के साध्या व्याजाने कर्ज देतं. उत्पन्नाची मर्यादा आणि बारावीच्या टक्क्यांची अट आहे, ती बाबांच्या दाखल्याशी ताडून बघ. इतर प्रवर्गांसाठी राज्याच्या आणि केंद्राच्या वेगळ्या योजना आहेत. कुठल्याही योजनेत बाँड असेल तर घाबरून सोडू नकोस, वाच. सयाजीरावांनी 1913 मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांसाठी, आणि परत येऊन दहा वर्षं संस्थानात नोकरी करण्याच्या करारावर. बाँडमध्ये किती वर्षं, कुठे, आणि मोडला तर किती भरायचे, या तीन गोष्टी स्पष्ट असतील तर सही करण्यासारखी असते.

बँकेच्या कर्जात कोर्स संपल्यानंतर हप्ता कधी सुरू होतो आणि शिकत असतानाचं व्याज भरायचं की साचू द्यायचं, हे आधी विचार. जमलं तर शिकतानाच व्याज भरत जा. जुन्या करपद्धतीत बाबांना 80-ई खाली व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते.

कागदांत सगळ्यात जास्त त्रास नावाचा होतो. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि ‘गिव्हन नेम’मध्ये कधी फक्त तुझं, कधी वडिलांचंही. जन्मदाखला गुजरातीत. त्यात मराठी नावांची इंग्रजी स्पेलिंगं: ‘मृण्मयी’ दहावीला एक, आधारवर दुसरी, पासपोर्टवर तिसरी. वेस असो, एपीएस असो, नाव जुळलं नाही की फाइल थांबते. पासपोर्ट अजून काढला नसशील तर तो दहावीच्या मार्कशीटच्या स्पेलिंगने काढ, आणि बाकी सगळं त्याला जुळवून घे. काढला असेल आणि फरक असेल तर आत्ताच, दुसऱ्या वर्षातच दुरुस्त कर. जन्मदाखल्याची इंग्रजी प्रत महापालिकेतून मिळते का ते बघ, नाहीतर नोटरीकडून भाषांतर.

ट्रान्सक्रिप्टसाठी आणि शिक्का मारलेल्या अभ्यासक्रमाच्या प्रतीसाठी प्रत्येक सेमिस्टरचा सिलॅबस त्याच वर्षी जपून ठेव. चार वर्षांनी दुसऱ्या सेमिस्टरचा सिलॅबस मागायला गेलीस तर तो वेबसाइटवरून उतरलेला असतो. अमेरिकेतल्या एमपीएचचा केंद्रीय अर्ज सोफस नावाच्या व्यवस्थेतून जातो आणि त्यासाठी वेसचं विषयवार मूल्यमापन लागतं. विद्यापीठाकडून त्यांच्याकडे कागद जायला आठवडे लागतात, सुट्ट्या आल्या तर महिने. आयईएलटीएस दोनच वर्षं चालते, तेव्हा ती आत्ता देऊ नकोस. अर्जाच्या वर्षातल्या उन्हाळ्यात दे. गुजराती माध्यमातून आली असशील तरी घाबरू नकोस, पण रोज इंग्रजीत एक पान लिहायची सवय आजपासून लाव.

शिफारसपत्रासाठी तीन माणसं लागतात: एक शिकवलेले, एक प्रयोगशाळेत किंवा प्रबंधिकेत काम करून घेतलेले, एक दवाखान्यातले किंवा संस्थेतले. दोन महिने आधी जाऊन भेट. येताना मार्कशीट, स्टेटमेंटचा कच्चा मसुदा, आणि ज्या कोर्सला अर्ज करतेस त्याचं एक पान घेऊन ये. ‘मॅडम, तुम्हीच लिहा काहीतरी चांगलं’ असं म्हणणाऱ्या मुलीबद्दल शिक्षक चांगलंच लिहितात, पण त्यात तिचं असं काही नसतं. आणि कुणी ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हटलं तर दुसरे शिक्षक शोध. तिकडे आयडी मागतात, फॉर्म थेट त्यांच्या ईमेलवर जातो, आणि तिन्ही पत्रं एकाच हाताने लिहिलेली आहेत हे वाचणाऱ्याला दुसऱ्या परिच्छेदात कळतं.